घटक ४ : वर्गातील मूल्यमापन आणि प्रत्याभरण (भाषेच्या वहीच्या संदर्भात)

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस आकारिक आणि संकलित मूल्यमापनातील भेद सोदाहरण स्पष्ट करता यावा. विद्यार्थ्याच्या लेखनातील बोलीचे रूप, लेखनसंकेताची चूक आणि आशयाची उणीव या तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ओळखता याव्यात. आणि विद्यार्थ्याला पुन्हा लेखणी हाती घ्यावीशी वाटेल असे दोन-तीन वाक्यांचे प्रत्याभरण लिहिता यावे, अशी अपेक्षा आहे.

४.१ प्रस्तावना

दिवाळीची सुटी संपते आणि कर्जत-खालापूर तालुक्यांतील वाड्यांवरच्या अनेक शाळांत पटावरची संख्या एक आणि वर्गात बसलेली मुले दुसरीच, अशी स्थिती होते. भातकापणी उरकली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला जातात. आईबापांबरोबर मुलेही जातात. ती परततात तेव्हा पावसाळा तोंडावर आलेला असतो, आणि वर्षअखेरीची परीक्षा त्यापूर्वीच होऊन गेलेली असते. अशा मुलाला काय येते आणि काय येत नाही, याविषयी शाळेजवळ जो पुरावा असतो, तो जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांत त्याच्या वहीत जमा झालेला. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत तो शोधून सापडणार नाही.

मूल्यमापनाचा विचार आपण येथून सुरू करतो, याचे कारण उघड आहे. ज्या मुलाची हजेरी नियमित, ज्याच्या घरी पुस्तके आहेत आणि जे मूल घरी पुस्तकातलीच मराठी बोलते, त्याचे मूल्यमापन थोडे ढिसाळ झाले तरी त्याचे फारसे बिघडत नाही. वाडीवरच्या मुलाचे मात्र पुष्कळ बिघडते. वहीवरचा एखादा शेरा त्याला शाळेत टिकवू शकतो, तसा शाळेबाहेरही घालवू शकतो.

आपल्यापैकी काही जण स्वतः शिक्षक असतील, काही अंगणवाडीत किंवा आश्रमशाळेत काम करीत असतील, आणि बहुतेक जण पालक असतील. शिवाय आपण सारे या अभ्यासक्रमाचे विद्यार्थी आहात. आपले गृहपाठही तपासून परत येतात. तेव्हा हा घटक टेबलाच्या दोन्ही बाजूंनी वाचावा.

४.२ आकारिक आणि संकलित

मूल्यमापनाच्या या दोन प्रकारांतील भेद मायकेल स्क्रिव्हेन या अभ्यासकाने १९६७ मध्ये मांडला. त्याच्यासमोर विद्यार्थ्यांचा नव्हे, तर अभ्यासक्रमांच्या मूल्यमापनाचा प्रश्न होता. अभ्यासक्रम घडत असतानाच तो सुधारण्यासाठी केलेले मूल्यमापन वेगळे आणि तो पूर्ण झाल्यावर त्याची किंमत ठरवण्यासाठी केलेले वेगळे, एवढेच त्याचे म्हणणे होते. पुढे बेंजामिन ब्लूम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हा भेद विद्यार्थ्यांच्या शिकण्याला लावला. मराठीत त्यांना अनुक्रमे आकारिक आणि संकलित अशी नावे रूढ झाली. ‘आकारिक’ ही संज्ञा अन्वर्थक आहे. मडके चाकावर असताना कुंभाराचा हात त्याला आकार देतो. भट्टीतून निघालेले मडके तो टिचकी मारून पाहतो. दोन्ही वेळी तो मडके तपासतोच, पण दुसऱ्या वेळी त्याच्या हाती करण्यासारखे काही उरलेले नसते.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम २९ मध्ये बालकाचे आकलन आणि ज्ञानाचा उपयोग करण्याची त्याची क्षमता यांचे सर्वंकष व सातत्यपूर्ण मूल्यमापन अपेक्षिले आहे. त्याच कलमात अध्यापनाचे माध्यम व्यवहार्य असेल तेथवर बालकाची मातृभाषा असावे, असेही म्हटले आहे. या दोन तरतुदी शेजारीशेजारी आल्या आहेत. त्यांचा एकत्र विचार मात्र क्वचितच होतो. तो आपल्याला ४.४ मध्ये करावयाचा आहे.

महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयान्वये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धती लागू केली. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी आकारिक मूल्यमापनाची साधने तीत सांगितली आहेत. पहिली-दुसरीसाठी आकारिक मूल्यमापनाला ७० आणि संकलितला ३० टक्के भार, तिसरी-चौथीला ६० व ४०, पाचवी-सहावीला निम्मे-निम्मे, सातवी-आठवीला ४० व ६०. मूल जितके लहान, तितका घडणीवर भर अधिक, हे तत्त्व या आकड्यांतून दिसते.

तत्त्व चांगले होते. व्यवहारात मात्र त्याचे ‘नोंदी’ झाले. प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद लिहावयाची, तर तयार नोंदींच्या याद्या फिरू लागल्या आणि ‘कविता तालासुरात म्हणतो’, ‘स्वतःचे विचार मुद्देसूद मांडतो’ ही वाक्ये चाळीस मुलांपुढे आलटूनपालटून लिहिली जाऊ लागली. शिक्षकाला दोष देणे सोपे आहे. दोन शिक्षक, चार इयत्ता आणि त्यांवर इतर कामांचा बोजा अशा शाळेत याहून वेगळे काय घडणार होते? तरीही एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे : जी नोंद वाचून उद्याच्या तासाला शिक्षक काही वेगळे करणार नाही आणि विद्यार्थीही काही वेगळे करणार नाही, ती नोंद आकारिक मूल्यमापन नव्हे. तिला कितीही टक्के भार दिला, तरी ती दप्तरात राहते.

स्वयंअध्ययन प्रश्न १ : आपल्या परिचयाच्या एखाद्या शाळेतील किंवा आपल्या पाल्याच्या प्रगतिपत्रकातील कोणतीही एक वर्णनात्मक नोंद घ्या. ती वाचून मुलाने दुसऱ्या दिवशी नेमके काय करावे, हे सांगता येते का? येत नसल्यास तीच नोंद तसे सांगता येईल अशा रीतीने पुन्हा लिहा.

४.३ प्रत्याभरण म्हणजे काय, आणि काय नव्हे

रॉइस सॅडलर याने १९८९ मध्ये मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. त्याच्या मते विद्यार्थ्याला सुधारण्यासाठी तीन गोष्टी कळाव्या लागतात : चांगले काम कसे असते, आपले काम त्याच्या तुलनेत कोठे आहे, आणि मधले अंतर कापण्यासाठी काय करावयाचे. ‘१० पैकी ४’ हा आकडा दुसऱ्या गोष्टीचा एक धूसर अंश सांगतो. पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीविषयी तो मुका आहे.

गुण आणि शेरा दोन्ही दिले, तर उत्तम नाही का? रूथ बटलर हिने इस्रायलमधील सहावीच्या मुलांवर केलेला आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या बाबतीत विचारात घेण्याजोगा आहे. काही मुलांना केवळ गुण दिले, काहींना केवळ शेरा, काहींना दोन्ही. केवळ शेरा मिळालेल्यांचे पुढचे काम सुधारले आणि कामातील रसही टिकला. दोन्ही मिळालेल्यांची गत मात्र केवळ गुण मिळालेल्यांसारखीच झाली. आकडा दिसला की शेऱ्याकडे लक्ष जात नाही, हे वर्गात वही वाटताना कोणीही पाहू शकतो. मूल प्रथम आपला आकडा पाहते, मग शेजाऱ्याचा. शेरा वाचण्यापूर्वी वही मिटलेली असते.

प्रत्याभरण नेहमी हितकरच असते, हा समजही तपासला पाहिजे. क्लूगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये १३१ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. सरासरी परिणाम चांगला होता, परंतु एक तृतीयांशाहून अधिक बाबतींत प्रत्याभरणानंतर काम बिघडले होते. लक्ष कामावरून उठून स्वतःवर गेले की असे होते, हा त्यांचा तर्क. ‘तू हुशार आहेस’ आणि ‘तू निष्काळजी आहेस’ ही वाक्ये वरवर विरुद्ध असली, तरी दोन्ही मुलाविषयी बोलतात. त्याच्या निबंधाविषयी नाही. हॅटी आणि टिंपर्ली यांच्या २००७ च्या लेखातही व्यक्तीविषयीच्या शेऱ्याला सर्वांत कमी परिणामकारक ठरवले आहे. आपल्या शाळांतील ‘शाब्बास’ला माझा विरोध नाही. पण तो शब्द कशासाठी आला आहे, ते वाक्य शेजारी असावे.

४.४ बोली, चूक आणि उणीव

आता प्रत्यक्ष वहीकडे वळू. पुढील परिच्छेद या घटकासाठी रचलेला आहे. तो कोणा एका मुलाचा नव्हे. मात्र त्यातील प्रत्येक रूप उत्तर कोकणच्या बोलींत कमीअधिक प्रमाणात आढळते. चौथीच्या मुलाला ‘पावसाळा’ हा विषय दिला आहे असे समजा.

“पावूस आला का आमचे वारीत मजा येते. मी न माझी भन व्हालावर चिंबोऱ्या पकराला जातो. दगर उचालला का चिंबोरी पलते. तिचे डोले बाहेर आसतात. ती मागे न बघता पन बघते. मंग आमी घरी आलो न भाकर खालली.”

लाल शाईने तपासणारा शिक्षक येथे किमान पंधरा गोल काढील, खाली ‘शुद्धलेखन सुधारा’ असे लिहील आणि ४ गुण देईल. त्या पंधरा गोलांत मुलाला काय दिसेल? आपण लिहितो ते सगळेच चुकते, एवढेच. कोणती चूक कोणत्या जातीची, कोणती लगेच सुधारण्यासारखी आणि कोणती चूकच नव्हे, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. ते वेगळे करणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे, आणि मराठीच्या पदवीधराने ते करता आले पाहिजे.

‘वारीत, पकराला, दगर’ या तीन शब्दांत प्रमाण मराठीतल्या ‘ड’च्या जागी ‘र’ आहे. ‘व्हाल, पलते, डोले’ यांत ‘ळ’च्या जागी ‘ल’ आहे. ‘पन’मध्ये ‘ण’च्या जागी ‘न’ आहे. पंधरांपैकी ही सात रूपे झाली, आणि त्यांत कमालीची नियमितता आहे. मूल कधी ‘डोळे’ आणि कधी ‘डोले’ लिहीत नाही. ते आपल्या बोलीचा ध्वनिनियम चोख पाळते. पिट कॉर्डर याने १९६७ मध्ये दुसरी भाषा शिकणाऱ्यांच्या संदर्भात असा भेद केला होता, की थकव्याने किंवा घाईने होते ती घसरण आणि शिकणाऱ्याच्या मनातील नियमव्यवस्थेतून येते ती चूक. घसरणीतून काही शिकण्यासारखे नसते. नियमबद्ध चूक मात्र शिकणारा कोठवर आला आहे, हे शिक्षकाला सांगते. वाडीवरच्या मुलाला प्रमाण मराठी ही अगदी परभाषा नव्हे, पण घरची भाषाही नव्हे. म्हणून हा भेद येथे पुष्कळसा लागू पडतो.

दुसरा गट ‘पावूस, उचालला, आसतात, खालली, मंग, आमी’ या सहा रूपांचा. यांत उच्चारानुसारी लेखनाचा भाग मोठा आहे. ‘आम्ही’चा उच्चार शहरातील शिकलेली माणसेही सहज बोलताना ‘आमी’ असाच करतात. फरक एवढाच, की लिहिताना हात आपोआप ‘म्ही’कडे वळावा इतके छापील मराठी त्यांनी वाचलेले असते. तिसरा गट ‘भन’ आणि ‘आमचे वारीत’ यांचा. हा शब्दसंग्रहाचा आणि व्याकरणाचा भाग आहे. ‘भन’ ही ‘बहीण’ची चूक नव्हे, तो त्या घरातील शब्द आहे.

येथे एक प्रश्न अवश्य उपस्थित होईल : मग हे दुरुस्त करावयाचेच नाही का? करावयाचे. बोलीचा आदर म्हणून मुलाला प्रमाण लेखन न शिकवणे हा आदर नव्हे. ज्यांच्या मुलांना ते घरी आपोआप मिळते, त्यांनीच असला उदारपणा करावा. तलाठ्याकडील अर्ज, दहावीची उत्तरपत्रिका आणि नोकरीची परीक्षा प्रमाण मराठीतच लिहावी लागते. प्रश्न दुरुस्तीच्या क्रमाचा आणि कारण सांगण्याचा आहे.

कारण सांगण्याविषयी थोडे विस्ताराने. ‘नीट ऐक, मग लिही’ हा सल्ला शिक्षक सर्रास देतात. ज्या मुलाच्या बोलीत ‘ल’ आणि ‘ळ’ हे दोन भिन्न ध्वनीच नाहीत, त्याला हा सल्ला निरुपयोगी आहे. ऐकून त्याला भेद कळणार नाही. आपलेच पाहा. ‘षटकोन’मधील ‘ष’ आणि ‘शहर’मधील ‘श’ आपण एकसारखे उच्चारतो. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील इकाराचा भेद बोलण्यात बहुधा राहत नाही. तरी आपण ते बरोबर लिहितो, कारण ते शब्द आपल्या डोळ्यांना ओळखीचे आहेत. कानाचा त्यात संबंध नाही. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये केलेले १४ आणि १९७२ मध्ये त्यांत घातलेले ४ असे एकंदर १८ लेखननियम आपण ज्या रीतीने अंगवळणी पाडले, त्याच रीतीने त्या मुलाने ‘डोळे’ शिकावयाचे आहे. त्याला आपल्यापेक्षा अधिक शब्द डोळ्यांनी शिकावे लागतात, इतकेच. हे एकदा ध्यानात आले, की ‘निष्काळजी’ हा शेरा शिक्षकाच्या लेखणीतून उतरणार नाही.

मग त्या परिच्छेदाखाली काय लिहावे? मी असे लिहीन :

“चिंबोरी मागे न बघता पण बघते, हे तू अगदी नेमके टिपले आहेस. पण तुम्ही दोघांनी ती धरली कशी? नांगी लागली नाही का? दगड उचलल्यापासून घरी येईपर्यंत काय झाले, ते आणखी तीन-चार वाक्यांत लिही. आणि एक गंमत : ‘आमचे वारीत’ असे वाचून पुण्याच्या माणसाला वाटेल, की तुम्ही पंढरपूरच्या वारीला निघालात! तुझे घर आहे ती ‘वाडी’. असा ‘ड’ लागणारे आणखी दोन शब्द तुझ्या लिखाणात आहेत, शोधून काढ.”

या टिपणात पंधरांपैकी तीनच रूपांना हात लावला आहे, आणि तीनही एकाच नियमातील आहेत. ‘ळ’ पुढच्या आठवड्यात घेता येईल. तेव्हा गोपाळकाल्यातील ‘काला’ आणि रंगाने ‘काळा’ ही जोडी कामी येईल. ‘ण’साठी ‘मन’ आणि धान्याचा ‘मण’. लेखन बदलल्याने अर्थ बदलतो, हे मुलाला दिसले, की शुद्धलेखन ही गुरुजींची लहर राहत नाही. शेवटच्या वाक्यात रीतिवर्तमानातून एकदम भूतकाळात घेतलेली उडी मी मुद्दाम सोडून दिली आहे. मधला प्रसंग भरून निघाला, की ती बहुधा आपोआप सांधली जाईल. न सांधल्यास दुसऱ्या खर्ड्यात पाहू.

आरंभी आशय घेतला, यालाही कारण आहे. ‘ती मागे न बघता पन बघते’ हे वाक्य ज्याने ओढ्यात उतरून पाहिले आहे, त्यालाच सुचेल. ‘पावसाळा’ या विषयावर पाठ करून लिहिलेल्या निबंधांत हिरवा शालू आणि मोराचा पिसारा येतो. चिंबोरीचे डोळे येत नाहीत. ते वाक्य लाल गोलाखाली दडपले गेले, तर मूल पुढच्या वेळी शालूच लिहील.

स्वयंअध्ययन प्रश्न २ : वरील परिच्छेदातील ‘भन’ या शब्दाविषयी मुलाला काय सांगाल? हाच शब्द कथेतील संवादात आला असता आणि अर्जात आला असता, आपले उत्तर बदलेल का? पाच ओळींत लिहा.

४.५ वेळेचा प्रश्न

चाळीस वह्यांवर इतके लिहिणे शक्य नाही, ही तक्रार खरी आहे. उपाय एकच, तो म्हणजे सगळ्या वह्या एकाच वेळी आणि सगळ्या दृष्टींनी न तपासणे. एका दिवशी आठ वह्या आणि त्यांत एकच मुद्दा पाहिला, तर आठवड्यात वर्ग पुरा होतो. बरेचसे प्रत्याभरण तोंडी देता येते. लहान मुलांना ते अधिक पोचते, कारण शिक्षकाचे लेखी वाक्य वाचणे हेच त्यांना अवघड असते. मुलांनी एकमेकांचे लेखन मोठ्याने वाचणे हाही उत्तम मार्ग आहे. जेथे वाचणारा अडखळतो, तेथे लिहिणाऱ्याला आपली उणीव शेऱ्यावाचून कळते. मात्र प्रत्याभरणानंतर पुन्हा लिहिण्यास वर्गातच वेळ दिला पाहिजे. दुसरा खर्डा लिहावयाचाच नसेल, तर पहिल्यावरील शेरा वाचण्याचे मुलाला प्रयोजन काय?

४.६ वही बरोबर गेली तर

पुन्हा वीटभट्टीकडे. स्थलांतरित मुलांसाठी महाराष्ट्रात निरनिराळे प्रयत्न झाले आहेत. शाळेत न येणाऱ्या मुलांकडे शाळेने जावे, हा विचार ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवून प्रत्यक्षात आणला. वसई परिसरातील वीटभट्ट्यांवर विधायक संसदेने भोंगाशाळा चालवल्या. शासनाची हंगामी वसतिगृहांची योजना आहे. तसेच मूल ज्या गावी जाईल तेथील शाळेत त्याला सहज बसता यावे म्हणून शिक्षण हमी पत्रक दिले जाते. पत्रकामुळे दार उघडते. परंतु भट्टीजवळच्या शाळेतील शिक्षकाला समोर आलेल्या अनोळखी मुलाला काय येते, हे ठाऊक नसते, आणि बोली ऐकून तो त्याला दोन इयत्ता मागे समजण्याचा धोका असतो.

येथे आकारिक मूल्यमापनाची खरी कसोटी लागते. शाळा सोडून जाणाऱ्या मुलाच्या हाती त्याची लेखनाची वही द्यावी. तिच्या शेवटच्या पानावर त्याच्या शिक्षकाने तारखेसह चार ओळी लिहाव्यात. उदाहरणार्थ : “सलग सहा-सात वाक्ये स्वतःच्या मनाने लिहिते. निरीक्षण बारीक. ‘ड’ आता बहुधा बरोबर. ‘ळ’ अजून नाही, बोलीत तो ध्वनी नसल्यामुळे. जोडाक्षरे वाचता येतात, लिहिताना गाळते.” दुसऱ्या शिक्षकाला या ओळी वाचून त्याच दिवशी कामाला लागता येईल. ‘भाषा : ब-२’ या श्रेणीवरून ते जमणार नाही. अशा नोंदीला छापील नमुना लागत नाही. मात्र ती लिहिणाऱ्याने ते मूल खरोखर वाचलेले असावे लागते.

४.७ गृहपाठ

(अ) आपल्या परिसरातील तिसरी ते सहावीत शिकणाऱ्या एखाद्या मुलाकडून, पालकांच्या संमतीने, ‘मी पाहिलेला प्राणी’ या विषयावर आठ-दहा वाक्ये लिहून घ्या. लिहिताना शुद्धलेखन सांगू नका. त्या लेखनातील प्रमाणेतर रूपांचे ४.४ प्रमाणे गट पाडा आणि कोणत्या रूपांमागे नियम दिसतो, ते नोंदवा. मुलाचे नाव लिहू नये.

(आ) त्याच लेखनासाठी पन्नास ते साठ शब्दांचे प्रत्याभरण लिहा, ते मुलाला वाचून दाखवा आणि त्याच्याकडून दुसरा खर्डा घ्या. दोन्ही खर्डे गृहपाठासोबत जोडा. दुसऱ्या खर्ड्यात काहीच बदलले नसल्यास गुण कमी होणार नाहीत. आपल्या प्रत्याभरणातील कोणते वाक्य मुलापर्यंत पोचले नाही, याची चिकित्सा एका पानात करावी.

(इ) मागील घटकाचा आपला तपासून आलेला गृहपाठ काढा. समंत्रकाने लिहिलेला शेरा सॅडलरच्या तीन अटींवर तपासा आणि जी अट पूर्ण झालेली नाही, तिच्याविषयी समंत्रकाला विचारावयाचा प्रश्न लिहा. तो प्रश्न पुढील संपर्कसत्रात प्रत्यक्ष विचारावा.